सातवी ते नववीसाठी कादंबऱ्या आणि नाटकं: यादी नको, अनुभव सांगा

कांद्याच्या_गावची

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत सातवी ते नववीला मराठी शिकवते. तिसरं वर्ष. जूनमध्ये ग्रंथालयाचा जादा कार्यभार गळ्यात पडला. ग्रंथालय म्हणजे ऑफिसातलं एक लोखंडी कपाट, आणि त्याची किल्ली क्लार्क भाऊसाहेबांच्या कडदोऱ्याला. पुस्तक हवं असेल तर आधी भाऊसाहेबांना शोधायचं, आणि ते बहुतेक पंचायत समितीत गेलेले असतात.

कपाट उघडलं तेव्हा आत एकाच चरित्राच्या २६ प्रती निघाल्या. शिवाय निबंधमाला, जुनी गाईडं आणि वाळवीनं अर्धा खाल्लेला शब्दकोश. मुलांनी मागून घ्यावं असं एकही पुस्तक नाही.

आता चांगली बातमी. दहावीच्या एका जुन्या बॅचनं ८,००० रुपये दिलेत, फक्त पुस्तकांसाठी. दिवाळीच्या सुट्टीआधी खर्च दाखवायचाय.

'श्यामची आई' वर्गात वाचून पाहिली. पहिल्या रात्रीपासून सुरुवात केली, पाचव्या रात्रीपर्यंत निम्मा वर्ग डेस्कखाली चिंचोके खेळत होता. चूक माझी की पुस्तकाची, कळेना.

दुसरं म्हणजे जानेवारीत गॅदरिंग आहे. आठवी ब चं नाटक माझ्याकडे. मुलं ४१, वेळ वीस मिनिटं, आणि प्रत्येकाला काम हवंय. मी 'शांतता! कोर्ट चालू आहे' मागवायचं ठरवलंय, कोर्टात गर्दी दाखवता येईल म्हणून. बरोबर आहे का?

ट्टॉक

फास्टर फेणे. प्रश्न संपला.

(गंमत बाजूला. भा. रा. भागवतांचा संपूर्ण संच माझ्याकडे आहे, माझ्या मुलाला सहावीत दिला. त्याचा पहिला प्रश्न: "बाबा, फेणेचं फुरसुंगी म्हणजे कचरा डेपोवालं का?" आम्ही हडपसरला राहतो, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. पण 'प्रतापगडावर फास्टर फेणे' एका रविवारी संपवलं. सातवीपर्यंत चालतं. आठवीत गेल्यावर तोच मुलगा म्हणाला, ते लहानपणी वाचायचो. लहानपणी म्हणजे एक वर्षापूर्वी!)

माणदेशी_मास्तर

मॅडम, आधी 'शांतता!'ची ऑर्डर थांबवा. ते कोर्ट लुटुपुटीचं असलं तरी आत जे चालतं ते आठवी ब चं नाही. नाटकाचं इथले जाणकार सांगतील. मी पुस्तकांचं सांगतो.

मी माण तालुक्यातला, दहिवडीपासून आणखी आत. एकतीस वर्षं मराठी शिकवलं, त्यातली बावीस वर्षं कपाट माझ्याकडं होतं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. वेळ भरपूर आहे, उत्तर लांबणार.

ट्टॉक यांच्या मुलानं जे सांगितलं तेच माझं म्हणणं आहे. आमच्या कपाटावर 'बालविभाग' अशी पाटी होती, मीच तैलरंगात काढलेली, वेलबुट्टी वगैरे. आठवीतल्या पोराला मिसरूड फुटायला लागलेलं असतं. ते बाजाराच्या दिवशी बापाबरोबर बकरं विकायला जातं, गिऱ्हाईकाशी घासाघीस करतं. 'बाल' लिहिलेल्या कपाटातलं पुस्तक ते दोस्तांसमोर हातात कशाला धरील? पाचवी-सहावीची पोरं नेत होती, सातवीच्या दिवाळीनंतर वही कोरी. ही गोष्ट ध्यानात यायला मला नऊ वर्षं लागली. मग एका मे महिन्यात पाटी पॉलिश पेपरनं घासून काढली आणि मोठ्यांच्या पुस्तकांतून निवडायला लागलो. कमी पानांची, नायक तरुण किंवा पोरवयाचा, आणि गोष्ट पहिल्या दहा पानांत चालायला लागणारी.

पहिलं 'बनगरवाडी'. १९५५चं पुस्तक, पण आमच्याकडं ते जुनं होत नाही, कारण माडगूळकर आमच्याच मुलखातले, पलीकडच्या आटपाडी तालुक्यातले. कोवळा मास्तर, धनगरांची वाडी, औंध संस्थानचा काळ. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा तास मिळायचा, त्यात वीस-पंचवीस मिनिटं मोठ्यानं वाचायचो. एकदा मेंढरं रात्री कशी बसवतात ते मी उगाच शहाणपणानं समजावायला गेलो. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तसं नसतंय." दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली उतरणाऱ्या घरातला मुलगा. जूनपासून वर्गात त्याचा आवाज मी ऐकलेला नव्हता. म्हटलं, मग कसं असतंय? तो उठून फळ्यापाशी आला, खडू घेतला आणि वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, कशी लावायची, मेढी कुठं ठोकायच्या, कुत्री कुठल्या अंगाला बसतात, सगळं काढून दाखवलं. तास संपला, घंटा झाली, कुणी उठलं नाही.

त्यानं पुस्तक घरी नेलं. पंधरा दिवसांनी विचारलं, वाचलंस का? म्हणाला, "निम्मं वाचलं. फुडं दुष्काळ पडतुय, मला कळलंय. म्हणून ठिवलं."

एवढं नेमकं परीक्षण मी पुढं कुठं वाचलं नाही.

शेकूकडं एकच बैल असतो आणि त्याची बायको दुसऱ्या बाजूनं स्वतःच्या खांद्यावर जू घेते, तिथं थांबून बघा. मुलींच्या बाजूला टाचणी पडली तर ऐकू येईल. फक्त लगेच "यातून काय बोध मिळतो?" विचारू नका. बोध विचारलात की पोरांना कळतं हाही धडाच होता, आणि पुढच्या शनिवारी चिंचोके बाहेर येतात.

'श्यामची आई'चं. चूक पुस्तकाची नाही, तुमचीही नाही, क्रमाची आहे. ४२ रात्री ओळीनं वाचायची गरज नाही. पोहायला घाबरून लपलेला श्याम आणि शिंपटी घेऊन मागं लागलेली आई, इथून सुरू करा. आई मारते म्हटल्यावर वर्ग जागा होतो. पोरांनी ती आई फक्त रडणारी म्हणून ऐकलेली असते. आणि तुमच्या मुलांना हे आवर्जून सांगा की गुरुजींनी हे पुस्तक तुमच्याच जिल्ह्यात, नाशिकच्या तुरुंगात, १९३३ साली पाच दिवसांत लिहून काढलं. कोठडीत माणूस गाव आठवत बसला होता हे कळल्यावर ऐकायची तऱ्हा बदलते.

लंपनची पुस्तकं घ्या, 'वनवास'पासून. प्रकाश नारायण संत. पोरगं आजी-आजोबांकडं राहतं, बेळगावकडची कानडी वळणाची मराठी, गोष्टी सुट्या असल्यानं एकेक वाचता येते. माझ्या वर्गात लंपनचा 'मॅड' हा शब्द पुढं वर्षभर चालला, शिपाई मामासुद्धा म्हणायला लागले. आता वेबमालिका झाली आहे म्हणून नाव ओळखीचं असेल, तरी पुस्तक वाचायला लावा. लंपनची खरी गंमत त्याच्या मनातल्या बडबडीत आहे.

'पाडस', हरणाचं पिल्लू पाळणाऱ्या पोराची गोष्ट, जाडजूड आहे म्हणून घाबरू नका. राम पटवर्धनांचा अनुवाद अमेरिकेतल्या जंगलातला वाटत नाही. नववीतल्या एका मुलीनं अडीच महिने ठेवलं होतं. दर सोमवारी मी विचारायचो, ती बोटांनी दाखवायची अजून एवढं राहिलंय. संपलं त्या दिवशी पुस्तक माझ्या टेबलावर जरा आपटूनच ठेवलं आणि म्हणाली, "असलं आधी सांगायचं असतं सर." तिच्या घरी शेळीची पिल्लं होती. तेव्हापासून देताना मी एवढंच म्हणतो की शेवट कठीण आहे. शेवट काय ते सांगत नाही.

मुलींना 'चौघीजणी', शांता शेळक्यांचं. मुलांनाही द्या, पण वर्गात नाही, कपाटापाशी हळूच द्या. एकानं वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचलं होतं.

विज्ञानाची आवड असलेल्यांना नारळीकरांचं 'वामन परत न आला'. माणसासारखा विचार करणारं यंत्र आणि ते डोईजड होणं, हे आम्ही पूर्वी कल्पना म्हणून वाचायचो. आताची पोरं मोबाईलला गृहपाठ विचारतात, त्यांना ते भविष्य वाटत नाही.

जाड पुस्तक ही नववीच्या पोरांची तालीम असते. 'मृत्युंजय' किती पानं झालं यावर पैजा लागतात. २०२५ला 'छावा'चा सिनेमा आल्यावर तर माझ्या जुन्या शाळेत कादंबरीच्या एका प्रतीसाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. असल्या वेळी पोरं अर्ध्यात सोडतात, सोडू द्या. 'मृत्युंजय'मध्ये एकेक पात्र आपली बाजू सांगतं, तर अडलेल्याला मी शोणाचा भाग आधी वाचायला सांगायचो. धाकट्या भावाला थोरला कसा दिसतो हे प्रत्येक घरात कळतं.

आणि एक फसलेला प्रयोग. 'माचीवरला बुधा' माझा जीव की प्राण. म्हातारा मुंबई सोडून राजमाचीवर येतो, झाडं लावतो, कुत्रा, खार, वारा, बस. चार वर्षं चार वर्गांना वाचून दाखवलं. चारही वर्ग सभ्यपणे बसले. पाचव्या वर्षी एक पोरगा म्हणाला, "सर, आमचं आजोबा पण हेच करत्यात, त्यात काय एवढं?" बरोबर होतं त्याचं. ते पन्नाशीतल्या मास्तरांचं पुस्तक आहे.

पैशांचं. ८,००० आहेत म्हणून साठ-सत्तर वेगवेगळी नावं घेऊ नका. पाच-सहा नावं, प्रत्येकाच्या पाच-सहा प्रती, आणि उरलेल्यात सुटी पुस्तकं. एकच प्रत असली की एकच पोरगं वाचतं, त्याला बोलायला कुणी नसतं. पाच जणांनी एकाच आठवड्यात वाचलं की पाणी प्यायच्या टाकीपाशी भांडण होतं, आणि सहावा मागायला येतो. पैसे पुरले नाहीत तर 'किशोर' आहेच. १९७१पासूनचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, ऑफिसच्या प्रिंटरवर दोन-चार गोष्टी काढून घ्या. भाऊसाहेबांना चहा पाजून.

विंगेतून

मास्तर, तो वाघरीचा तास बघायला हवा होता.

ताई, नाटकाचं बोलते. वीस वर्षं बालनाट्यांच्या विंगेत उभी आहे, कपडेपटापासून प्रॉम्प्टिंगपर्यंत सगळं केलंय.

पहिला घोळ वयाचा. 'अलबत्या गलबत्या', 'निम्मा शिम्मा राक्षस' ही मतकरींची नाटकं सोन्यासारखी आहेत, चेटकीण आली की पहिलीतलं पोर आईच्या कुशीत शिरतं. पण ती प्रेक्षक म्हणून लहानांची. आठवीच्या मुलांना करायला दिलीत तर खालून नववी-दहावी हुर्यो करते आणि राक्षस झालेला बिचारा जानेवारीभर 'राक्षस' होऊन फिरतो.

त्या वयाला परी-राजपुत्र नको, घर-शाळा-मित्र हवेत. मूळ बर्लिनचं ग्रिप्स थिएटर, ते मोहन आगाशेंच्या पुढाकारानं पुण्याच्या थिएटर अकॅडमीत आलं, त्याची 'छान छोटे वाईट्ट मोठे', 'नको रे बाबा' ही नाटकं अशीच. आईबापांची भांडणं, पैसे, मोठ्यांचा खोटेपणा, आणि वर गाणी. तिथे मुलांच्या भूमिका मोठी माणसं करतात आणि पात्रं मोजकी असतात, तुमचे ४१ त्यात बसणार नाहीत. तरी वाचून घ्या, संवाद कसा लिहायचा ते कळेल. तेंडुलकरांनीही मुलांसाठी लिहिलंय, 'बाबा हरवले आहेत', 'चिमणा बांधतो बंगला'. पुलंचं 'वयं मोठं खोटम्' आहे. कुठलंही घेतलंत तरी लेखकाची किंवा वारसांची परवानगी काढा, गॅदरिंग असलं तरी.

आणि एकपात्रीसाठी कृपा करून 'ती फुलराणी'तलं 'तुला शिकवीन चांगलाच धडा' नको. एका स्पर्धेत मी एका दुपारी अकरा फुलराण्या ऐकल्यात.

आता ४१ जण. झाड, दगड, ढग असली कामं देऊ नका. मुलाला कळतं की आपल्याला कोपऱ्यात उभं केलंय, आणि घरच्यांना तर आधी कळतं. समूहच नाटकाचा नायक करा. तुम्ही कांद्याच्या गावच्या, मग बाजार समितीचा लिलावच बसवा की. ट्रॅक्टरवाले, व्यापारी, हमाल, चहावाला, भाव कमी पुकारला म्हणून लिलाव बंद पाडणारे शेतकरी, आणि मध्ये एकच छोटी गोष्ट. संहिता मुलांना लिहू द्या, तुम्ही फक्त कापा. फार कापावं लागेल.

व्यवहाराचं एक. गॅदरिंगला दोन स्टँडचे माईक असतात आणि त्यातला एक खरखरतो. महत्त्वाचं वाक्य माईकपासून दोन पावलांवर असेल असंच उठणं-बसणं आखा. हशा आला की थांबायचं, हे मुलांना तालमीतच शिकवा. नाहीतर पुढचं वाक्य हशात वाहून जातं आणि गोष्ट कुणालाच कळत नाही.

एडिसनची_आई

विषय जरा सोडून, पण उपयोगी पडेल. आम्ही न्यू जर्सीत, रविवारच्या मराठी शाळेत मी शिकवते. माझी मुलगी बारा वर्षांची, मराठी फडाफडा बोलते, पण देवनागरी अडखळत वाचते. कादंबरीचं भरगच्च पान बघितलं की डोळे फिरवते. नाटकाच्या पुस्तकानं मात्र कोडं सुटलं. पानावर मोकळी जागा जास्त, वाक्यं छोटी, आणि आपली पाळी आली की एकच ओळ वाचायची. सहा मुलं गोल बसवून वाचायला लावली, सादर वगैरे काही करायचं नाही. ज्याला वाचता येत नाही तो पुढची ओळ आधीच मनात जुळवत बसतो, म्हणजे खरं तर दुप्पट वाचतो. तुमच्या वर्गातही कच्चं वाचणारी मुलं असतीलच.

कांद्याच्या_गावची

एडिसनताई, आहेत. आठवी ब मध्ये नऊ. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मास्तर, शिंपटीपासून सुरू केलं. एका मुलीनं विचारलं, बाई, शिंपटी कसली, निरगुडीची का? मला उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न आला!

सगळ्यांना फेब्रुवारीत येऊन सांगते.

कांद्याच्या_गावची

सांगते म्हटलं होतं, म्हणून आले.

पुस्तकं: 'बनगरवाडी' सहा प्रती, 'वनवास' सहा, 'पाडस' चार, 'चौघीजणी' चार, 'वामन' पाच, फास्टर फेणे सातवीसाठी मिळतील तेवढी. नाशिकच्या दुकानदारानं सवलत दिली म्हणून दोन नाटकाची पुस्तकंही बसली. आमच्याकडे 'बनगरवाडी' मास्तरांसारखी नाही चालली, मेंढ्या इथे फक्त रस्त्यात आडव्या येतात. लंपन मात्र तुफान. 'वामन' तीन मुलांनी वाचलं, पण ती तिघं आता विज्ञानाच्या सरांना हैराण करतायत.

नाटक लिलावाचंच केलं. संहिता मुलांची, पहिला खर्डा दीड तासाचा होता. लिलाव पुकारायला कुणाला घ्यावं ठरत नव्हतं. जो मुलगा कच्च्या वाचणाऱ्या नऊ जणांत आहे, ज्याचे वडील बाजार समितीत हमाल आहेत, तो म्हणाला मी करतो. त्याला कागद लागलाच नाही. आठशे पाच, आठशे दहा, आठशे दहा, आठशे पंधरा, असा एका दमात जो सुटला, की खाली बसलेले दोन खरे व्यापारी सवयीनं बोट वर करून बसले. हशा आला, आणि पोरगा थांबला. विंगेतून ताई, तुम्ही सांगितलं होतं तसा, पूर्ण थांबला. मग पुढचा आकडा. माईक खरखरत होताच.

एकच अडचण. भाऊसाहेबांनी 'पाडस' चाळायला म्हणून घरी नेलंय. तीन आठवडे झाले. रोज म्हणतात, थोडंच राहिलंय. नववीतल्या दोन मुली रांगेत आहेत. किल्ली मात्र त्यांनी स्वतःहून माझ्याकडे दिली, म्हणाले तुम्हीच ठेवा, मला सारखं उठायला नको. त्यांना दंड लावता येतो का?

माणदेशी_मास्तर

लावा. दिवसाला एक रुपया. आमच्या मुख्याध्यापकांनी 'वनवास'चे सत्तावीस भरलेत, पावती आहे माझ्याकडं. पण शेवटाला आले असतील तर आजच्या दिवस मागू नका.